“माझ्या कपाळाकडे बघा” की “कशाकडेच बघू नका”? कूस बदलताना येणारी चक्कर आणि नजर रोखण्याचा परिणाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंथरुणात कूस बदलली, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली, की क्षणात सगळं घर गरगर फिरतं आणि अर्ध्या-एक मिनिटात थांबतं. या चक्करेला डॉक्टर बीपीपीव्ही किंवा पोझिशनल व्हर्टायगो म्हणतात. तिचा पुरावा रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, एमआरआयमध्येही सापडत नाही. तो डोळ्यांत दिसतो, तोही काही सेकंदच. आणि त्या काही सेकंदांत रुग्णाला नजर रोखायला काही मिळालं, तर पुराव्याचं रूप बदलतं. चक्करेच्या तपासण्या हे माझं रोजचं काम आहे. रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि नव्याने शिकायला आलेले सहकारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

चक्कर कानाची, मग डॉक्टर डोळ्यांत का बघतात?

आतल्या कानात तोल सांभाळणारा भाग असतो. तिथे प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात (मागची, आडवी आणि वरची) आणि त्यांत द्रव भरलेला असतो. शेजारच्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक स्फटिक चिकटलेले असतात. वयामुळे, डोक्याला मार लागल्यामुळे, कधी काहीच कारण नसताना त्यांतले काही सुटतात आणि नळीत शिरतात. बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण ती सगळ्यांत खाली असते. मग डोकं विशिष्ट दिशेला कललं की स्फटिक घरंगळतात, द्रवाला ओढतात, आणि मेंदूला खोटा निरोप जातो : “डोकं फिरतंय.”

डोकं फिरतंय असं कळलं की मेंदू डोळे उलट दिशेला फिरवतो, म्हणजे समोरचं दृश्य स्थिर राहावं. चालता चालता दुकानाची पाटी वाचता येते ती याच व्यवस्थेमुळे. पण इथे डोकं स्थिर आहे आणि निरोप खोटा आहे. त्यामुळे डोळे विनाकारण एका बाजूला हळू सरकतात आणि झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात, पुन्हा झटका. या हालचालीला निस्टॅग्मस म्हणतात. प्रत्येक नळीचं नातं डोळ्यांच्या ठरावीक स्नायूंशी जोडलेलं असतं. म्हणून झटका कुठल्या दिशेला आहे हे पाहिलं की कोणत्या कानाच्या कोणत्या नळीत हे स्फटिक, म्हणजे खडे, आहेत ते सांगता येतं. शरीराच्या इतक्या आत, हाडात दडलेल्या जागेचा पत्ता बाहेरून इतका नेमका सांगणारी दुसरी खूण मला माहीत नाही.

नजर रोखणं म्हणजे नेमकं काय, आणि त्याने डोळ्यांची हालचाल का थांबते?

फुगडी आठवा. दोघी हात धरून वेगाने गिरक्या घेतात आणि बघतात एकमेकींच्या चेहऱ्याकडे. भिंती, खांब, बघणाऱ्या बायका यांची नुसती रेघ झालेली असते, पण समोरच्या मैत्रिणीचा चेहरा स्थिर दिसतो, कारण तो आपल्याबरोबरच फिरतो आहे. कान सांगतोय “फिरतेस”, आणि त्यामुळे डोळे सरकायला हवेत. पण नजर चेहऱ्यावर रोखलेली असल्यामुळे मेंदू कानाचा हुकूम दाबून टाकतो. फुगडी सुटल्यावर खांब धरून एखाद्या वस्तूकडे टक लावली की गरगरणं लवकर शमतं, तेही याच कारणाने.

हे दाबण्याचं काम मुख्यतः लहान मेंदूतला फ्लोक्युलस नावाचा छोटा भाग करतो. डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा सरकू लागली की ती खबर दृष्टीच्या वाटेने लहान मेंदूपर्यंत पोहोचते आणि तिथून तोलाच्या केंद्रांना लगाम बसतो. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास हे सुरू होतं. म्हणजे तपासणी करणाऱ्याने डोळ्यांत बघेपर्यंत लगाम बसलेला असतो.

मग नजर रोखली की बीपीपीव्हीतला निस्टॅग्मस दिसेनासा होतो का?

अर्धा होतो, अर्धा होत नाही. या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे, म्हणून थोडं सावकाश सांगते.

डोळा तीन प्रकारे हलू शकतो : आडवा, उभा, आणि तिसरा प्रकार म्हणजे स्वतःच्या आसाभोवती, घड्याळाच्या काट्यासारखा. या तिसऱ्या हालचालीला घूर्णन म्हणू. आडवी आणि उभी हालचाल आपण नजरेने चांगली दाबू शकतो, कारण हलत्या वस्तूचा डाव्या-उजव्या किंवा वर-खाली दिशेने पाठलाग करण्याची सवय डोळ्यांना आहे. घूर्णनाला मात्र नजर फारशी आवरू शकत नाही. भोवरा एका जागी उभा राहून फिरतो तेव्हा त्याची आर जागची हलत नाही, तसंच इथे होतं. डोळा आसाभोवती फिरला तरी आपण ज्या बिंदूकडे बघतो तो पडद्याच्या मध्यावरच राहतो. निसटण्यासारखं काही नसतं, म्हणून आवरण्याचा हुकूमही जोरात येत नाही. शिवाय डोळा मुद्दाम असा गोल फिरवता येत नाही, करून पाहा.

मागच्या नळीच्या बीपीपीव्हीत घूर्णन आणि उभी हालचाल एकत्र येतात. बुबुळाचा वरचा काठ खाली असलेल्या कानाकडे झटका देतो, आणि त्याचबरोबर डोळा कपाळाच्या दिशेने उडी मारतो. रुग्णाने कशावर तरी नजर रोखली, तर उभी उडी कमी होते आणि घूर्णन बरंचसं टिकतं. म्हणून हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार साध्या उजेडात, नुसत्या डोळ्यांनीही बऱ्याचदा ओळखता येतो.

डिक्स-हॉलपाइक चाचणीत “माझ्या कपाळाकडे बघा” असं सांगतात. ते चुकीचं आहे का?

नाही. मूळ चाचणी तशीच आहे. १९५२ मध्ये लंडनमध्ये मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी ही चाचणी मांडली, तेव्हा रुग्णाला तपासणाऱ्याच्या कपाळावर नजर ठेवायला सांगितलं होतं. रुग्णाला बसवायचं, मान एका बाजूला ४५ अंश वळवायची आणि झटकन मागे निजवून डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं लोंबतं ठेवायचं. कपाळाकडे बघायला सांगितलं की डोळे उघडे राहतात, इकडेतिकडे भिरभिरत नाहीत, आणि तपासणाऱ्याला बुबुळ समोर दिसतं. घूर्णन नजरेने दबत नसल्यामुळे हा सल्ला त्या प्रकाराला पुरला.

या आजाराचं वर्णन त्याच्याही आधीचं आहे. रॉबर्ट बारानी यांनी १९२१ मध्ये एका स्त्री-रुग्णाची अशी चक्कर लिहून ठेवली. बाजूवर निजलं की तिला गरगरत असे आणि डोळे तसेच हलत. कानाच्या तोलव्यवस्थेवरील कामासाठी १९१४ चं नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळालं होतं, आणि ती बातमी आली तेव्हा ते रशियनांच्या युद्धकैदेत होते. चक्करेच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि २०१५ मध्ये त्या संस्थेने बीपीपीव्हीच्या निदानाचे निकष प्रसिद्ध केले.

एक बारकावा शिकणाऱ्यांसाठी. रुग्ण नुसता बघतोय की नाही, एवढ्याने भागत नाही. तो कुठे बघतोय तेही तपासा. उजवा कान खाली असेल आणि रुग्ण उजवीकडे, म्हणजे खालच्या कानाच्या दिशेने बघत असेल, तर घूर्णन जास्त ठळक दिसतं. तोच वरच्या कानाच्या दिशेने बघू लागला तर वर उडी मारणारी हालचाल पुढे येते. दोघांनी पाठोपाठ तपासलं, एकाने “घूर्णन” लिहिलं आणि दुसऱ्याने “वर जाणारा”, तर दोघेही खरं लिहीत असू शकतात. मधल्या वेळात रुग्णाने नजर वळवलेली असते.

मग तो जाड भिंगांचा किंवा कॅमेऱ्याचा चष्मा कशाला?

कारण सगळ्यांचे खडे मागच्या नळीत नसतात आणि सगळ्यांचा निस्टॅग्मस जोरदार नसतो.

जाड भिंगांचा चष्मा जर्मन डॉक्टर हर्मन फ्रेंझेल यांच्या नावाने ओळखला जातो. त्याची भिंगं सुमारे २० नंबरची असतात आणि आत छोटे दिवे असतात. रुग्णाला सगळं धूसर दिसतं, नजर ठेवायला काही सापडत नाही. तपासणाऱ्याला मात्र डोळे मोठे आणि उजळ दिसतात. साधं साधन आहे, पण त्यात उजेड असतो आणि धूसर का होईना काही आकार दिसतात. त्यामुळे नजर पूर्णपणे सुटत नाही. खोलीतले दिवे बंद केले तर फरक पडतो.

दुसरा प्रकार इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा, ज्याला व्हीएनजी म्हणतात. चष्म्यावर झाकण लावलं की रुग्णासमोर मिट्ट काळोख असतो. इन्फ्रारेड प्रकाश माणसाला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. पडद्यावर डोळा हातभर मोठा दिसतो आणि चित्रफीत जपून ठेवता येते. पुन्हा चालवून, हळू करून बघता येतं. माझ्या मते या यंत्राचा खरा फायदा हाच आहे.

नजरेने सर्वांत जास्त कोणता प्रकार लपतो?

आडव्या नळीचा. त्यात निस्टॅग्मस शुद्ध आडवा असतो, आणि आडवी हालचाल नजर सहज दाबते. जोरात असेल तर उजेडातही दिसतोच. पण सौम्य असेल तर रुग्णाने छतावरच्या पंख्याकडे टक लावली की डोळे शांत. चक्कर मात्र त्याला जाणवत असते.

या प्रकारात नजर आणखी एक घोळ घालते. पाठीवर निजवून डोकं आधी एका, मग दुसऱ्या बाजूला वळवतात. दोन्हीकडे निस्टॅग्मस येतो. झटके जमिनीकडे असतील तर ज्या बाजूला जोर जास्त ती बाजू दोषी. झटके आभाळाकडे असतील तर जोर कमी ती बाजू दोषी. म्हणजे बाजू ठरते ती तुलनेवर. आता रुग्णाने एका बाजूला भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर ठेवली आणि दुसऱ्या बाजूला रिकामा पडदा होता, तर ही तुलनाच खोटी ठरते. चुकीच्या कानावर उपचार होतात आणि रुग्ण म्हणतो, “मला काही गुण आला नाही.” म्हणून आडव्या नळीसाठी तरी दोन्हीकडे नजर सारखीच तोडलेली असावी, असा माझा आग्रह असतो.

याच प्रकारात कधी कधी नुसतं ताठ बसल्यावर, अंधारात, बारीक आडवा निस्टॅग्मस दिसतो आणि डोकं सुमारे ३० अंश पुढे झुकवलं की थांबतो. उजेडात तो बहुधा दिसत नाही. म्हणून निजवण्याआधी बसलेल्या स्थितीत अंधारात डोळे बघून घ्यावेत. हे केलं नाही, तर आधीपासून असलेला निस्टॅग्मस निजवल्यामुळे आला असा गैरसमज होतो.

उजेडात तपासलं, काही दिसलं नाही. म्हणजे मला काहीच नाही का?

असं लगेच म्हणू नये. एक प्रसंग सांगते. एका काकूंना सूनबाई घेऊन आल्या होत्या. दुसरीकडे दोनदा तपासून झालं होतं आणि “टेन्शन घेऊ नका” असं सांगून परत पाठवलं होतं. त्या डाव्या कुशीवर निजायलाच तयार नव्हत्या, महिनाभर उशा रचून बसल्या बसल्या झोपत होत्या. मी निजवलं तेव्हा त्यांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे नजर खिळवली; डोळे जवळजवळ स्थिर. “फिरतंय का?” “फिरतंय ना हो!” पलंगाची कड त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. झाकण लावून पुन्हा निजवलं, तर पडद्यावर डोळे सपासप जमिनीकडे झटके मारत होते. सूनबाईंनी ते पडद्यावर पाहिलं आणि सासूबाईंचा हात धरला. “नाटक नाही ना माझं?” असं काकूंनी विचारलं. नव्हतंच.

निस्टॅग्मस न दिसण्याची दुसरी कारणंही असतात. सकाळपासून चार वेळा डोकं हलवल्यामुळे खडे विखुरलेले असतात, किंवा तपासणी त्यामानाने सावकाश केलेली असते. लक्षणं अगदी ठरावीक असतील, तर अंधारात किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासणं योग्य.

माझ्या रिपोर्टमध्ये अंधारात निस्टॅग्मस लिहिलाय, म्हणजे बीपीपीव्ही नक्की?

नाही. ही दुसरी टोकाची चूक आहे, आणि यंत्रं वाढल्यापासून मी ती वारंवार पाहते. नजर पूर्ण तोडून काळोखात निजवलं, तर ज्यांना कधीच चक्कर आलेली नाही अशा बऱ्याच लोकांतही बारीक, संथ निस्टॅग्मस सापडतो. तो खरा असतो, पण आजाराचा नसतो.

बीपीपीव्हीच्या निस्टॅग्मसला स्वतःची चाल असते. निजवल्यावर काही सेकंद काहीच होत नाही, मग तो सुरू होतो, चढतो, ओसरतो आणि एका मिनिटाच्या आत संपतो. उठवून बसवलं की उलट दिशेने थोडा वेळ दिसतो. चाचणी पुन्हा केली की दम कमी झालेला असतो. त्याच वेळी रुग्णाला ओळखीची चक्कर येते. (आडव्या नळीत, विशेषतः खडे नळीच्या पडद्याला चिकटले असतील तर, तो जास्त वेळ टिकतो.) रिपोर्टवर नुसता “पोझिशनल निस्टॅग्मस” हा शब्द असेल, पण चढ-उतार नाही, चक्करही नाही, तर तेवढ्यावरून मान वळवण्याचे उपचार सुरू करू नयेत.

“नजर रोखूनही निस्टॅग्मस थांबला नाही, म्हणजे मेंदूचा आजार” असं वाचलं. खरं का?

हा नियम दुसऱ्या परिस्थितीतला आहे. दिवस-दिवस सतत चालणारी चक्कर असते, उदाहरणार्थ तोलाच्या नसेला सूज आल्यावर. तिथे कानामुळे येणारा आडवा निस्टॅग्मस नजर रोखल्यावर कमी होतो आणि नजर तोडली की वाढतो. नजरेने तो जराही कमी होत नसेल तर लगाम लावणारा लहान मेंदूच बिघडलेला असू शकतो. तिथे हा नियम मोलाचा आहे.

बीपीपीव्हीला तो जसाच्या तसा लावला की चूक होते. घूर्णन नजरेने दबत नाही हे वर आलंच. शिवाय हालचाल फार वेगवान असेल तर नजर तिला पुरती आवरू शकत नाही. म्हणजे मागच्या नळीचा अस्सल, निरुपद्रवी बीपीपीव्ही “नजर रोखून थांबत नाही” या कसोटीवर मेंदूचा आजार ठरेल, आणि घाबरलेलं कुटुंब एमआरआयच्या रांगेत उभं राहील. इथे मेंदूची शंका वेगळ्या खुणांवरून घ्यायची : निजवताक्षणी सुरू होऊन थांबतच नाही, शुद्ध खाली झटका मारतो, किंवा ज्या नळीची परीक्षा चालू आहे तिच्याशी दिशा जुळत नाही, उपचार नीट करूनही तसाच राहतो. खाली झटका मारणारा निस्टॅग्मस वरच्या नळीतल्या खड्यांमुळेही येतो, पण तो प्रकार कमी आढळतो, म्हणून तिथे मेंदूकडे एकदा बघितलेलं बरं.

आलेख नॉर्मल, पण डॉक्टर म्हणतात खडे आहेत. कुणाचं खरं?

बहुधा डॉक्टरांचं. अनेक व्हीएनजी यंत्रांचा आलेख डोळ्याची आडवी आणि उभी हालचालच मोजतो, घूर्णन मोजत नाही. जुन्या, डोळ्यांभोवती पट्ट्या लावून केल्या जाणाऱ्या ईएनजीलाही घूर्णन कळत नसे. म्हणजे ज्या हालचालीवर मागच्या नळीचं निदान उभं आहे ती कागदावर उमटतच नाही. ती चित्रफितीत डोळ्यांनी बघावी लागते. रिपोर्टबरोबर चित्रफीत मिळत असेल तर जरूर मागून घ्या.

बघताना काय बघायचं? आपल्याकडे बुबुळं गडद असतात, त्यांवरची नक्षी पटकन कळत नाही. बुबुळाच्या कडेला पांढऱ्या भागावर लाल केशवाहिन्या असतात. त्यांतली एक निवडा आणि तिच्यावर लक्ष ठेवा. ती वर-खाली झुलली की घूर्णन पकडलंत.

चक्कर आली की मी डोळे गच्च मिटतो. तपासताना मिटले तर चालेल?

कृपया नको. मिटल्यावर नजर तुटते खरी, पण तपासणाऱ्याला काहीच दिसत नाही, आणि तेच काही सेकंद महत्त्वाचे असतात. मी निजवण्याआधीच सांगते, “आता फिरेल, मळमळेल, पण मी धरलेलं आहे आणि मिनिटभरात थांबेल. तेवढं डोळे उघडे ठेवा.” आधी सांगितलं की बहुतेकांना जमतं.

अंधारात चाचणी चालू असताना पाढे का म्हणायला लावतात?

काळोखातही माणूस मनातल्या मनात एखाद्या बिंदूकडे बघू शकतो. समोर काही नसताना, “इथे भिंत आहे” अशी कल्पना करून नजर तिथे ठेवली, तरी निस्टॅग्मस काही प्रमाणात दबतो. पेंग आली तरी तो मंदावतो. म्हणून मन दुसरीकडे गुंतवायचं आणि जागं ठेवायचं. कुणाला १७ चा पाढा, कुणाला दादरपासून विरारपर्यंतची स्टेशनं, आजींना नातवंडांची नावं वयाच्या उलट क्रमाने. बोलू लागल्यावर पडद्यावरचा निस्टॅग्मस वाढताना मी अनेकदा पाहिला आहे.

लहानपणापासून माझी नजर हलते किंवा डोळा तिरळा आहे. सांगायला हवं का?

आवर्जून सांगा, चाचणीच्या आधी. जन्मापासूनचा निस्टॅग्मस नजर रोखण्याचा प्रयत्न केला की उलट वाढतो. लहानपणापासूनच्या तिरळेपणात कधी कधी एक डोळा झाकला की दोन्ही डोळे हलू लागतात. एकाच डोळ्याचा चष्मा लावला तर हे घडतं आणि ते कानाचं वाटतं. एका डोळ्याला दिसत नसेल, मोतीबिंदू पिकलेला असेल किंवा चष्म्याचा नंबर खूप जास्त असेल, तर “उजेडात नजर रोखून” केलेली तपासणीही वेगळ्या अर्थाने वाचावी लागते.

चक्करेच्या गोळ्या चालू ठेवून यावं का?

मेंदूला गुंगी आणणाऱ्या चक्करेच्या गोळ्या निस्टॅग्मस मंदावतात. त्या किती आधी थांबवायच्या ते तपासणाऱ्याला फोन करून विचारा. रक्तदाब, साखर, फिट्स, हृदय यांची औषधं मात्र स्वतःहून कधीच थांबवू नका. या गोळ्यांनी खडे जागेवर जात नाहीत, हेही लक्षात असू द्या.

गावच्या दवाखान्यात यंत्र नाही. काही करता येईल?

पुष्कळ. मागच्या नळीसाठी नुसते डोळे पुरतात, हे सगळ्यांत आधी. आडव्या नळीसाठी एक कोरा पांढरा कागद रुग्णाच्या डोळ्यांसमोर अगदी जवळ धरायचा आणि बाजूने डोळ्यांत बघायचं. कोऱ्या कागदावर नजर ठेवायला काही नसतं. खोलीतला उजेड कमी करायचा, चेहऱ्यासमोरून स्वतःचं डोकं बाजूला घ्यायचं, आणि “लांब कुठेतरी, पार भिंतीपलीकडे बघा” असं सांगायचं. ऑप्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचं साधन, असेल तर एक डोळा झाकून दुसऱ्याचा आतला पडदा बघता येतो. तिथे दिशा उलटी दिसते, कारण आपण डोळ्याची मागची बाजू बघत असतो.

घरी चक्कर येते, दवाखान्यात येत नाही. मोबाइलवर चित्रण करू का?

करा, उपयोग होतो. चित्रण दुसऱ्याने करावं, मागच्या कॅमेऱ्याने, डोळे पूर्ण उघडे ठेवून, दोन्ही डोळे चौकटीत येतील असं. सेल्फी नको, कारण पडद्यावर स्वतःलाच बघत राहिलात तर नजर तिथे खिळते. कॅमेऱ्याकडे बघू नका, पलीकडे बघा. कोणता कान खाली आहे ते चित्रण सुरू असताना मोठ्याने सांगा, नाहीतर नंतर कुणालाच आठवत नाही. सुरुवातीपासून पूर्ण थांबेपर्यंत, सलग. मात्र चित्रणासाठी मुद्दाम पुन्हा पुन्हा चक्कर आणू नका आणि एकट्याने हा प्रयोग करू नका.

नजर रोखून घरी चक्कर थांबवता येते का?

जाणवणं कमी होतं, कारण डोळ्यांची आडवी-उभी हालचाल सौम्य होते. चक्कर आली की जवळच्या स्थिर वस्तूकडे बघा, आधार घ्या, तो अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. खडे मात्र तिथेच राहतात. ते हलवायला एप्लीसारखी पद्धत लागते. जॉन एप्ली यांनी ती १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात डोकं ठरावीक क्रमाने वळवत खडे नळीतून परत पिशवीत आणतात. बहुतेकांना एक-दोन वेळांत आराम पडतो.

उपचार करतानाही झाकणाचा चष्मा लागतो का?

लागतोच असं नाही, पण असेल तर मी वापरते. दुसऱ्या स्थितीत डोकं वळवल्यावर डोळे पहिल्याच दिशेने झटके मारत असतील, तर खडे पुढे सरकताहेत. दिशा उलटली, तर ते मागे घसरले असण्याची शक्यता आहे. उजेडात हा बारीक संकेत हुकू शकतो.

मला मानेचा स्पॉन्डिलायटिस सांगितलाय, पट्टाही घालतो. ही त्याचीच चक्कर ना?

कूस बदलताना येणारी, मिनिटाच्या आत थांबणारी गरगर असेल, तर आधी डिक्स-हॉलपाइक करून घ्या. मानेच्या एक्स-रेत वयामुळे झालेले बदल चाळिशीनंतर कितीतरी जणांत दिसतात आणि चक्करेचा दोष त्यांच्यावर जातो. मानेचा खरा त्रास असेल तर तो तपासणाऱ्याला आधी सांगा. मान न लोंबवता, कुशीवर निजवूनही चाचणी करता येते.

दवाखान्यात लगेच कधी जायचं?

चक्कर थांबतच नसेल, नवीन तीव्र डोकेदुखी असेल, एकाचे दोन दिसत असतील, बोलणं जड झालं असेल, चेहरा वाकडा किंवा हातपाय लुळे वाटत असतील, आधाराशिवाय उभंच राहता येत नसेल, किंवा एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं असेल, तर चष्मा, कागद, चित्रण यांतलं काहीही करत बसू नका. महाराष्ट्रात १०८ वर फोन करा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ती वेळ लिहून घ्या. डॉक्टर ती सर्वांत आधी विचारतील.